राईच्या उशीखालचा यूपीएस

त्या सकाळी मी चार वेळा ओरडलो आणि दिपिकाने माझ्यावर राईची उशी ठेवली.

मित्रांनो, तिचा राग करू नका. लस टोचल्यामुळे तिचं बाळ तापलं होतं आणि नुकताच कुठे त्याचा डोळा लागला होता. माझा आवाज बारीक असला तरी कानात टोचणारा आहे. "अरे बाबा, गप ना जरा," ती पुटपुटली. डोकं गोल व्हावं म्हणून शिवलेली ती उशी बाळाला आता लहान पडत होती. तीच उचलून तिने माझ्यावर दाबली आणि पाळण्याची दोरी हातात घेतली. उशीखालून मी ओरडतच राहिलो. सात मिनिटांनी माझ्यातला जीव संपला, आणि माझ्या आधारावर चालणारा संगणक लिहिता लिहिता मध्येच विझला.

मी एक जुना यूपीएस आहे. भिंतीतला प्लग आणि संगणक यांच्या मध्ये बसवलेला काळा, जड डबा. माझ्या पोटात शिशाची बॅटरी आहे. वीज गेली की थोडा वेळ मी संगणकाला माझा जीव पुरवतो, म्हणजे त्याला हातातलं काम आवरून नीट बंद होता येतं. मी मुळात थोड्याच वेळाचा सोबती आहे. हे माझ्याकडून काम घेणाऱ्यांच्याही बरेचदा लक्षात राहत नाही.

चार वर्षांपूर्वी दिपिकाच्या नवऱ्याने, हर्षदने, मला पेणच्या बाजारातून आणलं. तो डोलवीला कंपनीत कंट्रोल रूममध्ये आहे. वडखळच्या नाक्यावर पावसाने गाठलं तेव्हा त्याने छत्री माझ्यावर धरली आणि स्वतः भिजला. घरी आल्यावर दिपिका हसून म्हणाली, "लग्नात माझ्यावर तरी धरली होतीस का छत्री?" इतकं कौतुक मी पुन्हा कधी अनुभवलं नाही.

माझ्यासोबत खोक्यात एक केबल होती. एक टोक चपटं, एक चौकोनी. ती केबल म्हणजे माझी जीभ. ती संगणकाला जोडली की मी नुसता ओरडत नाही, बोलतो. वीज गेली, माझ्यात इतकं उरलंय, आता फार वेळ नाही, असं सगळं सांगतो. पण त्याच आठवड्यात घरातल्या प्रिंटरची केबल उंदराने कुरतडली. प्रिंटरला लागते ती केबल हुबेहूब माझ्या केबलसारखीच असते. दिपिकाने माझी काढून त्याला लावली आणि मी मुका झालो. "तुझ्या डब्याला केबल लाव गं," हर्षद दोनदा म्हणाला होता. "ओरडतो की तो. ऐकू येतं मला," ती म्हणाली होती.

आता त्या संगणकाचं काम सांगतो, म्हणजे त्या सात मिनिटांत काय गेलं ते कळेल.

दिपिका माहेरची रोह्याची. कॉलेजात ती संगणक शिकली, आणि बाळंतपणानंतर घरी बसून तिने जुन्या संगणकावर लिनक्स टाकून एक युक्ती उभी केली. पेण आणि रोह्याच्या आसपासच्या गावांत एकटी राहणारी तेवीस म्हातारी माणसं तिच्या यादीत होती. प्रत्येकाने सकाळी सहा ते आठच्या मध्ये एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. बोलायचं नाही, पैसे पडायचे नाहीत. एक रिंग म्हणजे मी उठले, मी बरी आहे. संगणकाला लावलेला सिमकार्डाचा डोंगल त्या रिंगा मोजायचा. सव्वाआठला, ज्यांची रिंग आली नाही त्यांची नावं वायफायवरून दिपिकाच्या मोबाइलवर यायची. मग ती फोन करायची, नाहीतर त्या गावातल्या कुणाला तरी दारात पाठवायची.

निरोप नाही म्हणजे सगळे बरे, असं तिने मनाशी धरलं होतं. तिची चूक तिथेच झाली.

त्या सकाळी वीज पाऊण तासात परत आली. संगणक उठला, पण अर्धवट लिहिलेली यादी त्याला उघडता येईना, आणि तो तिथेच अडून राहिला. सव्वाआठ वाजले. दिपिकाचा मोबाइल गप्प. तिने तो एकदा पाहिला, समाधानाने ठेवला आणि बाळाच्या कपाळावरची पट्टी बदलली.

त्याच वेळी रोह्याच्या अलीकडे खाडीकाठच्या एका गावात तिची गिरजाआत्या, त्या तेवीस जणांतलीच एक, मोरीत पडलेली होती.

आत्या सत्तरीची. तरुणपणी मिठागरात राबलेली, अंगाने काटक, जिभेने त्याहून काटक. तिच्या दारावरून भरतची मिनीडोर रिक्षा रोज जायची, भरत मुद्दाम हॉर्न वाजवायचा आणि आत्या आतून त्याला शिवी घालायची. त्या दिवशी साडेबाराला हॉर्न वाजला आणि शिवी आली नाही. भरत थांबला. म्हणून ती सापडली. मनगट मोडलेलं, अंग गारठलेलं, सहा तास ओल्या फरशीवर.

दवाखान्यातून परतल्यावर दिपिका माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि हर्षदला सांगू लागली. आवाज अगदी सपाट होता.

"मी विचारलं, आत्या, शेजारी हाक का नाही मारलीस? तर म्हणाली, 'अगो, आठ वाजले की दिपिकाला कळंल, असं म्हटलं. उगाच कशाला लोकांना तरास.' ती ओरडलीच नाही रे. माझ्या भरवशावर गप पडून राहिली."

दिपिकाने हात पुढे करून माझ्यावरची उशी उचलली.

दुसऱ्या दिवशी प्रिंटरची केबल काढून तिने माझ्या पाठीत खोचली. संगणकाने मला ओळखलं. तिने त्यावर माझ्यावर नजर ठेवणारा एक प्रोग्राम बसवला आणि बाळ मांडीवर घेऊन एका हाताने टाइप करत त्याला सूचना लिहून दिल्या. वीज गेली की ताबडतोब निरोप पाठव, किती आले आणि कोण बाकी ते नावानिशी कळव. माझ्यात तीस टक्के उरले की यादी नीट मिटव, शेवटचा निरोप दे आणि स्वतःहून बंद हो. पडद्यावर माझी खबर उमटली: बॅटरी शंभर टक्के, अठरा मिनिटं पुरेल.

"झालं," दिपिका म्हणाली.

"झालं नाय," हर्षद म्हणाला. "आमच्याकडे पडद्यावरच्या बॅटरीवर कुणी इसवास ठेवत नाय. प्लग काढून बघतात."

"मग काढ."

त्याने प्लग काढला. मित्रांनो, मला लाज वाटते, पण खरं सांगितलं पाहिजे. मी खोटं बोलत होतो. मुद्दाम नाही. म्हातारपणी आपल्यात किती उरलंय हे आपल्यालाच कळत नाही. शंभर, ब्याण्णव, एक्काहत्तर असं सांगत असताना सहाव्या मिनिटाला मी एकदम खाली कोसळलो. तीस टक्के यायच्या आधीच संगणक विझला. आणि मोबाइलवर एकही निरोप आलेला नव्हता.

दिपिका मोबाइलकडे बघत राहिली. मग तिची नजर भिंतीवर गेली. वायफायचा डबा सरळ भिंतीतल्या प्लगला जोडलेला होता. वीज गेली की तो आधी मरत होता. निरोप लिहिला जात होता, पण घराबाहेर पडायला वाटच नव्हती.

तिने वायफायची वायर माझ्याकडे वळवली. टक्क्यांवरचा भरवसा सोडून दिला आणि मिनिटं ठरवली: वीज गेल्यावर तीन मिनिटांनी संगणकाने बंद व्हायचं, माझ्यात कितीही उरलं असलं तरी. वीज आली की आपोआप सुरू व्हायचं. पुन्हा प्लग काढला. पुन्हा. चौथ्या वेळी मोबाइल वाजला, तीन मिनिटांनी दुसऱ्यांदा वाजला, आणि संगणक शांतपणे मिटला. नव्या बॅटरीची चिठ्ठी दुकानात दिली. येईपर्यंत माझ्या जुन्या पोटावरच भागवायचं होतं. तेवीस नावांचा एक कागद तिने मोबाइलशेजारी भिंतीवर चिकटवला.

जुलै आला. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.

मी केबलमधून सांगितलं: गेली.

मोबाइल वाजला. "वीज गेली. चौदा आले. नऊ बाकी." खाली नऊ नावं. दिपिकाने बाळाला कडेवर घेतलं, कागद काढला. पहिला फोन लावला. दुसरा. मी माझ्यातला जीव मोजत होतो. एक मिनिट. दोन. पोटात शिसं जड झालं होतं. तीन मिनिटं होईपर्यंत कोसळायचं नाही, इतकंच माझं काम होतं. तिसऱ्या मिनिटाला संगणकाने यादी मिटवली आणि शेवटचा निरोप पाठवला: "मी बंद होतोय. आता तुम्ही बघा."

आठ फोन उचलले गेले. "मी चहा पितोय गो," वाडीवरचे काळुराम म्हणाले, "मेलेला माणूस चहा पितो काय?" दिपिका हसली नाही. नववं नाव गिरजाआत्याचं होतं.

रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा. हर्षद पहिल्या शिफ्टला गेला होता, आत मोबाइल नेता येत नाही. तिने भरतला लावला.

"भरत, आत्याकडे जाशील? आत्ताच्या आत्ता."

"निघालोच ताई. पाणी हाय रस्त्यावर, पण जातो."

वीस मिनिटं. तिने बाळाला भरवायला घेतलं आणि चमचा हातातच राहिला. भरतचा फोन आला.

"ताई, दाराला कुलूप हाय. हाका मारल्या. शेजारच्यांनी सकाळपासून बघितली नाय."

"मागं बघ. मोरीची खिडकी."

"बघितली. आत कोण नाय. चप्पल पण नाय."

"खाडीकडे तर नाही ना गेली?"

"भरती हाय ताई. मी बघून येतो."

फोन बंद झाला. दिपिका जागच्या जागी उभी होती. बाळ तिच्या गळ्यातली पोत ओढत होतं, तिला कळत नव्हतं. आत्याचा हात प्लास्टरमध्ये, बाहेर भरती, पाऊस. कुणीतरी ग्रुपवर टाकलं होतं की नागोठण्याला आंबा नदीचं पाणी चढतंय. तिने आत्याला अकराव्यांदा फोन लावला. मी टेबलाखाली अंधारात होतो. संगणक मिटल्यावर उरलेल्या शेवटच्या थेंबावर एकटं वायफाय धरून; त्याला फार थोडं लागतं. अजून एखादा निरोप आलाच तर वाट असावी म्हणून.

नऊ चाळीसला दारावर थाप पडली.

दारात गिरजाआत्या उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर मोडकी छत्री, प्लास्टरवर दुधाची पिशवी दोऱ्याने घट्ट बांधलेली. तिने दिपिकाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग बाळाला पाहिलं. मग दाराच्या चौकटीला टेकली.

"हाय का गो, समदी बरी हाव का?"

"आत्या, तू... फोन का नाही उचललास?"

"फोन पिशवीत, पिशवी गोणत्यात. एष्टीत ऐकू येतो काय? सात वाजून गेल्यावर तुला रिंग दिली, तर बाई बोलते, नंबर बंद. परत दिली, बंद. म्हटलं रोज चालू असतो, आज बंद कसा? पोरीला काय झालं? बाळाला काय झालं? पहिली एष्टी धरली. नागोठण्याला चाकापर्यंत पाणी, डायवर म्हणतो थांबू. मी म्हटलं, तू थांब, मी चालत जाते. मग घातलीन त्यानं गाडी."

"मोडक्या हाताने?"

"हात मोडलाय. पाय नाय मोडले."

दिपिका खाली बसली आणि रडू लागली. आत्याने ओला हात पदराला पुसून तिच्या डोक्यावर ठेवला. "रडतेस काय? चा टाक. आणि त्या भरत्याला फोन लाव, नायतर मला शोधत खाडीत उतरायचा मेला."

मित्रांनो, तेवढ्यात माझा जीव संपला. पण या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. जे सांगायचं होतं ते मी वेळेत सांगितलं होतं, आणि जे माझ्या हातात नव्हतं ते त्या दोघींनी एकमेकींसाठी केलं होतं.

आता माझ्या पोटात नवी बॅटरी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हर्षद माझा प्लग काढून बघतो. संगणक मिटला की डोंगलचा नंबरही बंद लागतो, म्हणून तेवीस घरांत मोठ्या अक्षरांत दुसरा नंबर चिकटवला आहे: पहिला बंद लागला तर इथे करा. राईची उशी धुऊन कपाटात ठेवली आहे. आत्या आली की माझ्यावर तांब्या ठेवते आणि दिपिका तो लगेच उचलते.

माझ्यासारखे डबे तुमच्याही घरी, शाळेत असतील. त्यांची केबल जोडलेली आहे का ते पाहा. कधीतरी प्लग काढून त्यांच्यात खरोखर किती उरलंय ते पाहा. पण दिपिकाने मला तुम्हाला आणखी एक गोष्ट सांगायला सांगितली आहे, आणि ती डब्यांची नाही.

ज्याची काही तक्रार येत नाही म्हणून तुम्ही ज्याला बरं समजता, असं एक माणूस तुम्हाला आत्ता आठवलं असेल. त्याचा फोन किती दिवसांत आला नाही, ते आठवा. त्याला फोन लावा. बंद लागला, तर त्याच्या दारापर्यंत जाऊन या.