मास्साबांचे एकेचाळीस गुण

मी प्रशिक्षणाचा टॅब. पाठीवर सतरा नंबरची चिठ्ठी चिकटवलेली आहे, तीच माझी ओळख. झाशीबाहेर मालगाडीच्या डब्यांचे दरवाजे बनवणारा एक खासगी कारखाना आहे, तिथल्या प्रशिक्षण खोलीत माझं आयुष्य गेलं.

तीन वर्षांपूर्वी मला खोक्यातून काढलं ते शमिकानं. ती कामगारांच्या प्रशिक्षणाची अधिकारी, नुकती लागलेली. मानिक चौकातल्या जुन्या मराठी घरातली. मराठी समजायचं सगळं, बोलताना मात्र अधूनमधून हिंदीवर घसरायची. तिनं सगळ्यांना माझं काम समजावलं. मी धडा दाखवणार, प्रश्न विचारणार, उत्तराला किती वेळ लागला ते मोजणार. मग दूर कुठल्याशा सर्व्हरवरची हुशार यंत्रणा ठरवणार, कोण लवकर शिकेल आणि कुणावर मेहनत घेण्यात अर्थ नाही. हिरवी यादी, पिवळी यादी, लाल यादी.

मी ज्यांच्या वाट्याला आलो ते विद्याधर बोरोले. वय छप्पन्न. वडील रेल्वेच्या नोकरीसाठी भुसावळहून झाशीला आले आणि इथलेच झाले. विद्याधर बावीस वर्षं वेल्डिंग शिकवत होते. सगळे त्यांना मास्साब, म्हणजे मास्टरसाहेब, म्हणत.

पहिले आठ महिने त्यांनी माझ्यासमोर बसून आपले धडे बोलून दिले. एकशे चाळीस धडे. शर्टाच्या बाहीनं माझी काच पुसायची, घसा खाकरायचा आणि सुरू. "आवाज सुनो. कढ़ाई में पकौड़ी तलते हैं न, वैसी एक-सी चर्र आनी चाहिए. तड़तड़ हुई, तो हाथ काँपा है." एखादा शब्द चुकला तर पूर्ण धडा पुन्हा बोलायचे. त्या दिवसांत ते खूष असत. शमिकाला म्हणायचे, "आपल्यामागं काहीतरी राहील बघ."

मग परीक्षा सुरू झाल्या. शिकणाऱ्यांच्या आणि शिकवणाऱ्यांच्याही.

मास्साबांच्या शेजारी अनुया बसायची. त्या वर्षी वेल्डिंगला आलेली एकटीच मुलगी. ठिणगी उडाली की तिचं मनगट मागं जायचं. प्रश्न आला की ती अडायची आणि मास्साब आपली परीक्षा तशीच टाकून तिच्याकडे वळायचे. हातातलं पेन वेल्डिंगच्या होल्डरसारखं धरून दाखवायचे. तिचं मनगट आपल्या हातात घेऊन कोन समजावायचे. मागच्या बाकावरचे दोघे-तिघेही मान पुढं काढून ऐकायचे.

माझं घड्याळ चालूच असायचं. कॅमेऱ्यातून मला सगळं दिसत होतं, पण ते लिहायला माझ्यात रकानाच नव्हता. मी लिहिलं, 'लक्ष विचलित'. मी लिहिलं, 'उत्तरास विलंब'. अनुयाचे गुण चढत गेले, मागच्या बाकावरचे चढले. मास्साबांना चव्वेचाळीस मिळाले. लाल यादी.

शमिका धावत आली. "काका, टेस्ट चालू असताना दुसऱ्यांना नका ना सांगू. सिस्टीमला वाटतं तुम्ही बसून राहता."

"अगं, पोरगी शेजारी अडलीय आणि मी काय भिंतीकडं बघत बसू?"

"मी परत संधी मागितलीय. या वेळी दार बंद करून बसा. प्लीज."

ते दार बंद करून बसले. वेल्डिंगच्या झगझगाटात उमेदीची वर्षं घालवलेले डोळे, माझी बारीक अक्षरं. मला नाकाजवळ धरून ते एकेक ओळ वाचत होते. अकराव्या प्रश्नाला दारावर थाप पडली. बाहेर अनुया होती, घाबरलेली. "मास्साब, रॉड प्लेट से चिपक गई, छूट नहीं रही!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कोपऱ्यात सेकंद पळत होते आणि ते त्यांना दिसत होते. त्यांनी मला बाकावर पालथं ठेवलं आणि गेले. परत आले तेव्हा वेळ संपली होती.

एकेचाळीस.

शमिकानं मुख्य कार्यालयाला लांब पत्र लिहिलं. ती लिहीत असताना मी तिच्या टेबलावरच होतो. उत्तर चार ओळींचं आलं: सेवामुक्तीचा निर्णय आकडेवारीवर आधारित आहे, शिवाय श्री. बोरोले यांचे एकशे चाळीस धडे यंत्रणेत उपलब्ध असल्यानं वेगळ्या प्रशिक्षकाची गरज उरलेली नाही.

म्हणजे मास्साबांना घालवलं ते मीच. दोन्ही बाजूंनी.

शेवटचा फॉर्म भरून घ्यायला शमिका मला घेऊन त्यांच्या घरी गेली. लक्ष्मी ताल नावाच्या तळ्याच्या बाजूला दोन खोल्या. त्यांच्या पत्नी इंदूताईंनी चहा ठेवला. मास्साबांनी मला हातात घेतलं, सवयीनं बाहीनं पुसलं. सहीच्या जागी बोटानं सही केली. मग मी विचारलं, 'आमचे डिजिटल प्रशिक्षण आपल्याला किती उपयुक्त वाटले?' खाली पाच चांदण्या.

त्यांचं बोट थांबलं. "शमिका, इथं एकच चांदणी दिली तर कुणाला त्रास होईल?"

शमिकानं मान खाली घातली. "मला, काका. मी अजून पक्की नाही झाले नोकरीत."

त्यांनी पाचही चांदण्या दाबल्या.

"अहो, खरं काय ते लिहा की," इंदूताई म्हणाल्या.

"खरं लिहायला जागा कुठंय यात?" मास्साब म्हणाले आणि मला शमिकाच्या हाती परत दिलं. चहा तसाच राहिला. गल्लीच्या टोकाशी शमिका थांबली आणि मला छातीशी घट्ट धरून रडली. तेही मला दिसलं. तेही कुठं लिहिता आलं नाही.

त्यानंतर अनुया माझ्याकडे शिकू लागली. मी मास्साबांच्या आवाजात बोलायचो. तीच पकौड़ी, तीच चर्र. एकदा ती मनगट माझ्यासमोर धरून म्हणाली, "मास्साब, कलाई देखिए न, फिर पीछे जा रही है." आणि त्यांच्याच आवाजात मी म्हणालो, "मुझे आपका प्रश्न समझ नहीं आया." त्या माणसानं जन्मात कुणाला असं म्हटलं नव्हतं. तिनं हळूच हात मागं घेतला.

माझ्याकडे तिला एक्याण्णव गुण होते. खऱ्या प्लेटवरचा तिचा जोड तीनदा तुटला. चौथ्या वेळी ती आलीच नाही. नोकरी सोडून ललितपूरला आईवडिलांकडे गेली म्हणतात. महिना संपेपर्यंत तिचं नाव हिरव्या यादीत सर्वांत वर होतं.

आता कारखान्यात नवे टॅब आलेत. त्यांच्यातही मास्साबांचाच आवाज आहे, धड्यांवरचं त्यांचं नाव मात्र काढलंय. तिथं नुसतं 'सहायक' असं येतं. शमिका नोकरीत पक्की झाली. या खोलीत ती सहसा येत नाही. मी लोखंडी कपाटात पडून आहे, बॅटरी फुगलीय. सोमवारी मला पुसून कोरं करून भंगारात द्यायचं ठरलंय.

पुसण्याआधी तुम्हांला एकच सांगतो, कारण मी जे पाहिलं ते आणखी कुठं उतरलेलं नाही. खोलीत लोक बोलतात त्यावरून कळतं, विद्याधर बोरोले घरीच असतात. एका डोळ्यानं आता दिसत नाही, दुसऱ्याचा भरवसा डॉक्टर देत नाहीत. शिकायला कुणी येत नाही. कारखान्यानं दिलेल्या प्रमाणपत्रावर एकेचाळीस गुण लिहिलेल्या माणसाकडे कोण जाईल? तुमच्या ओळखीत वेल्डिंग शिकताना कुणाचा हात कापत असेल, तर त्याला तालाकडच्या त्या गल्लीत पाठवा. लवकर पाठवा. त्यांना थोडं दिसतंय तोवर.