एकदाच खरं बोललो

"मेल्या केलेपी, आज तरी खरं सांग. माझ्या चटईनंच मारलं ना पोरीला?"

लोसालिने वहिनी प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. काखेत केतकीच्या पातीची जुनी चटई, तिच्या सासूच्या आजीने विणलेली. उद्या एकुलत्या लेकीला, पेलेनाइसेला, याच चटईत गुंडाळून मूठमाती द्यायची होती.

मी थापाड्या, हे आमच्या बेटावरच्या अख्ख्या नुकुआलोफा शहराला ठाऊक. माझ्या आजोबांना देवमाशाने गिळलं आणि ते पोटात बसून विड्या ओढतात म्हणून तिसऱ्या दिवशी ओकून टाकलं, हे मी चर्चच्या पायरीवर शपथेवर सांगितलेलं आहे. पण एकतीस वर्षं माझं पोटापाण्याचं काम रोग तपासायच्या काचपट्ट्या रंगवायचं, आणि काचपट्टीला थापा चालत नाहीत.

पेलेनाइसेला रक्ताचा कर्करोग. औषधांनी रोगाबरोबर रक्तातले पांढरे शिपाईही मारले. ताप हटेना. तेव्हा वहिनीने माळ्यावरची चटई इस्पितळात आणली, खाटेशेजारीच फटाफट झटकली आणि लेकीखाली अंथरली. घराण्याची ऊब मिळावी म्हणून. कडांना पांढुरकी बुरशी होती. नवव्या दिवशी पोरगी रक्त खोकत गेली. घरच्यांना विचारून डॉक्टर लोलोहेआबाईंनी फुप्फुसाचा तुकडा तपासायला काढला, आणि 'बुरशी' हा शब्द संध्याकाळच्या आत वहिनीच्या कानी पोचला.

मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. त्या तुकड्याच्या काचपट्टीवर हिरव्या रंगावर काळे धागे, फांद्यांवर फांद्या फुटत रक्तवाहिनीत घुसलेले.

"हे वाट बुजवतात, वहिनी. पुढचं मांस रक्तावाचून मरतं. पण ही बुरशी हवेतच असते. तू, मी, पाद्रीबाबा, सगळे रोज हुंगतो. आपले शिपाई तिला खातात. पोरीकडे शिपाईच उरले नव्हते."

ती डोळा लावून कितीतरी वेळ पाहत राहिली.

"हे तर विणकाम आहे," ती म्हणाली.

"अगं, चटई मंगळवारी आली. छातीच्या फोटोत डाग आदल्या शुक्रवारी होता. सकाळी सव्वादहाचा फोटो!"

"सव्वादहा!" ती हसली. तसं हसू कुणाच्या वाट्याला न येवो. "देवमाशाच्या पोटातली वेळसुद्धा तू अशीच मिनिटावर सांगतोस."

"मग डॉक्टरीणबाईंना विचार ना."

"तिला तूच पढवलं असशील." तिने माझ्या हातावर थोपटलं. "चांगला आहेस रे. माझ्यासाठी एवढी मोठी थाप रचलीस."

मी बायबलवर हात ठेवायला निघालो. मग आठवलं, देवमाशासाठी तो केव्हाच ठेवून झालाय.

पेलेनाइसेला नणंदेच्या चटईत गुंडाळलं. जन्मभर चटया विणणाऱ्या वहिनीने पुन्हा कधी पात चिरली नाही. आता बाजारात शेंगदाणे विकते. मी गेलो की माप भरते, वर आणखी एक मूठ घालते.

"हे त्या दिवसाच्या थापेचं," म्हणते.

मी पिशवी पुढे धरतो.