तिसावी बाई

चंद्रावतीने डाव्या हाताचा अंगठा पदराला पुसून पुढे केला आणि शाईची डबी कुठाय म्हणून विचारलं.

"अंगठा नको, काकू," सरू म्हणाली. "मी नावसुद्धा लिहीत नाही. नुसते प्रश्न विचारायचेत."

"बिनअंगठ्याचा कसला गो सरकारी कागद? बरं, इचार."

गेल्या पंधरा दिवसांत मन उदास होतं का, असं सरूने विचारलं. रोज होतं म्हणे. भूक? मेली. कशात लक्ष लागतं? नाय. आता चंद्रावती मघाशीच दोन भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण खाऊन ओटीवर टेकली होती, आणि समोरच्या घरातली नवी सून आत काय बोलते त्यातलं एक अक्षर तिच्या कानातून सुटत नव्हतं. पण ती सांगेल तसं सरूने लिहून घेतलं. आपलं मत मध्ये घालायचं नाही, हे विद्यापीठातल्या मानसशास्त्राच्या मार्गदर्शक बाईंनी दहादा बजावलं होतं.

सकाळपासूनची ही अकरावी. कालच्या धरून एकोणतीस बायका झाल्या. सगळ्या दुःखी, सगळ्या अर्धमेल्या. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे पाहिलं तर खाडीकाठचं हे अख्खं गाव उचलून इस्पितळात भरती करायला हवं होतं.

"झालं ना? मंग आमचे पैसे कदी येतील?" चंद्रावतीने विचारलं.

"कसले पैसे?"

"खांड गेली त्याचे गो."

सरूचं पेन थांबलं. श्रावणातल्या उधाणाला बांधाला खांड पडली होती आणि खारं पाणी शिरून उभं भात कुजलं होतं. पंचनाम्याला माणूस येणार, येणार म्हणता शिमगा आला तरी त्याचा पत्ता नव्हता. हातात कागद घेऊन दारोदार फिरणारा माणूस म्हणजे पंचनाम्याचा, मग ती गावचीच पोर का असेना, ही गावची समजूत. आणि पंचनाम्यात 'बरं हाय' म्हणतो तो खुळा. एकोणतीस जणींनी शेताचं सांगावं तसं मनाचं सांगितलं होतं. सगळं गेलं, कायच उरलं नाय.

"काकू, हा माझ्या एम.ए.चा अभ्यास आहे. भरपाईचा नाही."

चंद्रावतीचा चेहरा पडला. मग ती चिडली.

"मंग येवडं खोटं कशाला लिवून घेतलंस? जा आता, तुज्या आयशीलाच इचार. तिच्या नावावर ना शेत, ना बांध. तिला कायच मिळायचं नाय, तीच खरं सांगल."

सरू घराकडे निघाली तेव्हा तिला रडूच यायचं बाकी होतं. सोमवारी प्रकल्प द्यायचा होता. नाही दिला तर वर्ष फुकट, आणि आणखी एक वर्ष मुंबईत राहणं शक्यच नव्हतं. विद्यापीठाची फी तशी गरिबाला झेपेल अशी. जीव खायची ती खानावळ. दोन वर्षांपूर्वी नाथा, तिचा बाप, गेला आणि तेव्हापासून आई एकटीच मिठागरावर जाऊन ती भागवत होती. वरच्या वर्गातला रघू एम.ए. होऊन रोह्याला एका कारखान्यात कामगारांची हजेरी मांडत होता. मानसशास्त्र तिथे अजून एकदाही लागलेलं नाही, असं तो म्हणायचा. तरी पगार होता, आणि जूनपर्यंत पास झालीस तर तुझ्यासाठी शब्द टाकतो, असं त्याने कळवलं होतं. गावात मात्र मानसशास्त्र म्हटलं की दोनच प्रश्न यायचे: वेडे बरे होतात का, आणि हात बघता येतो का.

धोंडुबाई स्वयंपाकघरात सुपात जवळा निवडत होती. मिठाने तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या. सरू तिच्यासमोर बसली. घरचं माणूस घ्यायचं नाही असा नियम होता, पण निदान एकीची तरी खरी उत्तरं हवी होती.

"आई, सगळं खरं सांगायचं."

"खोटं कशापायी सांगू?"

"झोप लागते?"

"लागते."

"भूक?"

"हाय की."

"उदास वाटतं?"

"नाय गो. येवडी कामं पडलीत, उदास व्हायला येळ कुठाय?"

धोंडुबाईने वर न बघता झटाझट उत्तरं दिली. सरूला बरं वाटलं. चला, एक तरी बाई गावात सुखी निघाली, आणि ती आपली आई. तिने शेवटचा प्रश्न वाचला.

"जगण्यापेक्षा मरण आलं तर बरं, असं कधी मनात येतं?"

सुपातली बोटं थांबली.

"हे कागद कोन वाचतं?"

"विद्यापीठातली माणसं. नाव नसतं त्यावर."

"मला कोन वलखत नाय ना तिथं?"

"नाही."

"मंग लिव. येतं."

सरूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"आई, आत्ता तर म्हणालीस झोप लागते, भूक लागते..."

"ते तुला सांगितलं," धोंडुबाई म्हणाली. "हे त्यांना लिव."

ती पुन्हा जवळा निवडू लागली. सरूला भीती वाटली. दोन वर्षं पुस्तकांत वाचलेलं सगळं तिला पाठ होतं, त्यातलं एकही वाक्य इथे उपयोगाचं नव्हतं. आईचा हात धरावा असं वाटलं. पण हात धरला की आई हसेल, 'काय नाय गो' म्हणेल आणि चुलीकडे वळेल, हेही तिला ठाऊक होतं.

ती उठली. ओटीवर जाऊन तिने चपला घातल्या, अंगणात उतरली, परत दाराशी आली आणि कडी वाजवली.

"धोंडुबाई आहेत का घरात?"

आतून सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी मुंबईहून आलेय. विद्यापीठातून. तुमच्याशी थोडं बोलायचं होतं."

धोंडुबाई बाहेर आली. तिने सरूकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला, ओटीवर चटई अंथरली आणि जरा अंतर ठेवून भिंतीला टेकून बसली.

"बसा, बाई."

सरू बसली. कागद तिने मांडीखाली सरकवला.

"झोप कशी लागते तुम्हाला?"

"सांगते," धोंडुबाई म्हणाली. "पन माज्या पोरीला कळू देऊ नका. ती शिकतेय."