रिकाम्या ठोक्याचा खल

“घर अगदी रिकामं करून निघू नये गं, तुर्फा. काहीतरी मागे ठेवावं. म्हणजे घरालाही कळतं, की माणसं परत येणार आहेत.”

हा आवाज तमामचा. तो ऐकून चाळीस वर्षं होत आली, पण माझ्या लाकडात तो अजून मुरलेला आहे.

मित्रांनो, मी एक जुना खल आहे. कॉफी कुटायचा, लाकडी, मांडीएवढा उंच. आमच्याकडे मला मिहबाश म्हणतात. तमामचा नवरा सुवैलिम यानं मला रानपिस्त्याच्या एका बुंध्यातून कोरलं. एक अख्खा हिवाळा तो माझ्याशी झटत होता. अंगावर त्रिकोणांची नक्षी काढली, त्याच लाकडाचा हातभर लांब बत्ता घडवला आणि मग मला तूप पाजलं. हो, पाजलंच. लाकडाला तहान लागते.

आमचं घर म्हणजे जॉर्डनमधल्या पेट्राच्या लाल कातळातली एक गुहा. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा श्रीमंताला कायमचं निजवायला ती कोरली होती. त्याच्या उशाशी आमच्या शेळ्या व्यायल्या, पायथ्याशी आमची मुलं रांगली. त्यानं कधी तक्रार केली नाही. समोर खांबांची, कमानींची सगळी ओसाड नगरी पसरलेली. लांबून लांबून लोक ती बघायला येत, मान वर करून माघारी जात. आम्ही मात्र तिथं भाकरी भाजत होतो.

माझं काम नुसतं कुटणं नव्हतं. माझं काम हाक मारणं. खल वाजला, की दरीतल्या ऐकणाऱ्यानं यायचं. ऐकून न येणं म्हणजे त्या घराचा अपमान. प्रत्येक घराचा ठोका वेगळा. सुवैलिम तीन ठोके देई, चौथा रिकामा सोडी आणि मग बत्ता काठावर हलकेच घाशी. “तो चौथा येणाऱ्याचा,” असं म्हणे. खोटं कशाला बोलू? दरीत माझ्यासारखा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. त्या रिकाम्या जागेत डोंगर उत्तर देई. तमाम चुलीपाशी बसून गुणगुणे,

“बत्त्या माझ्या वाज रे, दरीपार जा रे,
वाट चुकल्या पाहुण्याला घरी आण बा रे.”

दर वसंतात ही माणसं शेळ्या घेऊन वरच्या माळावर तंबूत जात आणि हिवाळ्यात परतत. निघताना तमाम एखादी वस्तू गुहेच्या कोनाड्यात ठेवी आणि पुढे दगड लावी. दुसऱ्याच्या ठेवलेल्या वस्तूला आमच्यात कुणी हात लावत नाही.

सुवैलिम गेला. दोन वर्षांनी तमामही गेली. मागे थोरला मुतलक, धाकटा अव्वाद आणि सतरा वर्षांची तुर्फा राहिली. मुतलक बापासारखा कमी बोलायचा. अव्वाद दिवसभर थट्टा करायचा. त्या वर्षी एक परदेशी बाई कातळावरची नक्षी कागदावर उतरवायला आली होती. तिला मी फार आवडलो. अव्वाद सगळ्यांदेखत तिला म्हणाला, “खल न्या, त्याबदल्यात तुमची दुर्बीण द्या!” सगळे हसले. मीही मनातल्या मनात हसलो.

त्याच वसंतात, माळावर निघायच्या सुमारास, आमच्या लोकांना डोंगरावरच्या नव्या वस्तीत घरं मिळाली. सिमेंटची, खिडक्यांची. गाड्या आल्या. गाद्या, कोंबड्या, पातेली चढली. त्या गडबडीत तुर्फानं मला उचललं, कोनाड्यात ठेवलं आणि दगड लावला. आई करायची, तसंच. हिवाळ्यात परत यायचं म्हणून. हे जाणं दरवर्षीच्या जाण्यासारखं नाही, हे त्या पोरीला कोण सांगणार?

वर पोचल्यावर मुतलकनं मला शोधलं. मी नव्हतो. आणि अव्वादच्या गळ्यात दुर्बीण होती! रानातल्या वाटा दाखवल्या म्हणून त्या बाईनं जाताना ती प्रेमानं दिली होती. पण मुतलकनं भर वस्तीत विचारलं, “बापाचा आवाज विकलास?”

अव्वादला ते झोंबलं. “तुला तसं वाटत असेल, तर विकला,” तो म्हणाला.

एवढ्यावर दोन भावांचं बोलणं तुटलं. इतका राग बघून तुर्फाची जीभ टाळ्याला चिकटली. आज सांगेन, उद्या सांगेन, असं करता करता तिचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. न बोललेली गोष्ट दर वर्षी थोडी जड होत जाते.

मला मात्र ती विसरली नाही. वर्षातून एकदा येई, दगड सरकवी, बोटांनी मला तूप चोळी आणि म्हणे, “या वर्षी नक्की सांगते हं.” मित्रांनो, माझ्या वयाचे किती तरी खल उन्हानं उभे चिरले आहेत. मी चिरलो नाही, तो त्या बोटभर तुपामुळे.

परवा ती सकाळीच आली. या वेळी तूप आणलं नव्हतं, कॉफीच्या हिरव्या बिया आणल्या होत्या.

“अव्वाद गुरुवारी अकाबाला चाललाय, लेकाकडे. कायमचा,” ती मला म्हणाली. “आता नाही तर कधीच नाही. बघू तुझ्यात किती दम आहे.”

माझ्यात दम होता! गुहेच्या तोंडाशी तिनं बिया भाजल्या, माझ्यात ओतल्या आणि बत्ता उचलला. तीन ठोके. एक रिकामा. मग बत्ता काठावर हलकेच घासला. पस्तीस वर्षांनी डोंगरानं ओळख दिली. खालचे प्रवासी फोटो काढायचे थांबले. मुतलक चहाची किटली उकळती सोडून आपल्या टपरीवरून गुडघे धरत चढला. पाठोपाठ प्रवाशांना फिरवायचा आपला उंट ओढत अव्वाद आला. बापाच्या ठोक्याला नाही म्हणायची दोघांचीही छाती नव्हती.

मला पाहिलं आणि दोघं जागच्या जागी थांबले.

“असं होय!” मुतलक म्हणाला. “इथं लपवला होतास. गिऱ्हाईक पळालं वाटतं?”

“मी? तुझ्या टपरीवरून ही गुहा दिसते ना रे? रोज राखण करत बसलास आणि चोर मला ठरवलंस!”

“जीभ सांभाळ, दुर्बीणवाल्या.”

“तू कान सांभाळ, म्हाताऱ्या.”

“भांडा, भांडा,” तुर्फा म्हणाली. “उंटानंसुद्धा लाजून तोंड फिरवलंय. पण कॉफी उतू जायच्या आत बसा.”

दोघे बसले, पाठी एकमेकांकडे करून. तिनं कॉफीची किटली थोरल्याच्या हाती दिली. बापाची जागा त्याची. मुतलकनं रिवाजाप्रमाणे डाव्या हातानं ओतून उजव्या हातानं पहिला पेला बहिणीला दिला.

तिनं तो तोंडाला लावला नाही. जमिनीवर ठेवला.

मुतलकचा चेहरा उतरला. आमच्यात पाहुण्यानं पेला खाली ठेवला, की त्याचं काही मागणं असतं. यजमानानं शब्द दिल्याशिवाय तो पीत नाही. आणि न पिता उठला, तर त्या घराची मान कायमची खाली जाते.

“पी गं, बाई,” मुतलक म्हणाला. “काय हवं ते माग.”

“आधी शब्द द्या. मी सांगेन ते ऐकून कुणी उठून जायचं नाही.”

“दिला.”

“अव्वाद, तूही.”

“माझा उंट तिकडे...”

“अव्वाद!”

“दिला गं, दिला.”

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल, तर तिला अधूनमधून तूप-तेल दाखवत जा. पण तिच्याबद्दलचं काही तुमच्या पोटात राहिलं असेल, तर ते तिच्याआधी उजेडात आणा. लाकूड पस्तीस वर्षं थांबू शकतं. माणसांना तेवढी वर्षं मोजून मिळालेली नसतात.

तुर्फा माझ्याकडे बघत होती. चौथ्या ठोक्याएवढी शांतता पसरली. पेल्यातली वाफ विरली. मग तिनं माझ्या काठावर हात ठेवला.

“त्यानं नाही,” ती म्हणाली. “मी ठेवला होता. आपण हिवाळ्यात परत येणार, असं वाटलं होतं मला.”