नाथाजीच्या हिवाची घोंगडी

मित्रांनो, जवळ बसा, पण गाल लावू नका, मी बोचते. आटपाडीकडच्या माळावरच्या काळ्या मेंढ्यांची लोकर ती, मऊ कुठून असणार? आता मी वलणीवर घडी होऊन पडले आहे. एका कोपऱ्याला कसर लागली आहे, आणि घरातली मुलं "वास येतोय" म्हणून नाक मुरडतात. मुरडू देत बापडी. त्या वासात काय काय मुरलं आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही.

दगडाबाई धनगरणीनं माझं सूत कातलं. तिच्या नवऱ्यानं, बिराप्पानं, त्याला चिंचोक्याची खळ दिली आणि मला मागावर विणलं. "पाऊस बी आत येणार न्हाई," असं तो छाती ठोकून सांगायचा. कराडच्या बाजारात अंबूबाईनं मला घेतलं. तिचा धाकटा मुलगा नाथाजी तेव्हा पलटणीत होता. तो परत येईपर्यंत तिनं मला कुणाला पांघरू दिलं नाही.

लढाई संपली आणि नाथाजी ब्रह्मदेशातून घरी आला. हातपाय धड होते, पण अंगात हिवताप मुरला होता. कधी महिना-महिना गप्प बसायचा, मग एक दिवसाआड हजेरी लावायचा. आधी हुडहुडी, मग अंगाची भट्टी, मग घाम. तो सगळा घाम मी प्यायले आहे. पलटणीनं त्याला पिवळ्या गोळ्या दिल्या होत्या. त्या खाऊन माणूसही पिवळा दिसायचा. गावात कुणीतरी "कावीळ झालीया जणू" म्हणालं, आणि नेमकी मुलीकडची माणसं त्याला बघायला यायची होती. झालं! नाथाजीनं गोळ्यांची डबी उकिरड्यात उपडी केली. जपान्यांच्या तोफांना न भिणारा गडी पिवळ्या रंगाला भ्याला.

मग अंबूबाईनं आपला उपाय काढला. आमच्याकडे हिवाला, म्हणजे या हिवतापाला, चुकवायची रीत होती. ज्या दिवशी हीव यायचं, त्या दिवशी उजाडायच्या आत घर सोडायचं, दुसऱ्याच्या उसाच्या बांधावर घोंगडी पांघरून मुकाट बसायचं, कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. हीव घरी येतं, माणूस सापडत नाही, कंटाळून निघून जातं. नाथाजी आधी हसला, मग आईच्या शब्दाखातर जाऊन बसला. आणि काय सांगू, काही दिवस हीव खरंच यायचं थांबलं! अंबूबाईनं गावभर सांगितलं, "माज्या नाथाचं हीव गेलं." नाथाजीनंही ते मानून घेतलं. मला मात्र सगळं ठाऊक होतं. अधूनमधून त्याच्या मांड्यांना बारीक कंप सुटायचा, तेव्हा तो मला गुपचूप ओढून घ्यायचा आणि कुणाला काही बोलायचा नाही.

पुढच्या वर्षी त्याची भावजय बनुबाई बाळंत झाली. मुलगी झाली, मनुबाई. पण बनुबाईचं रक्त काही थांबेना. थोरला भाऊ आकाराम यानं बैलगाडी जुंपली, मला तिच्याखाली अंथरलं आणि सगळी कराडच्या दवाखान्यात आली. तिथले मधुकर डॉक्टर पलटणीतच डॉक्टरकी करून आलेले. त्यांनी रक्त थांबवलं, पण बनुबाई चुन्यासारखी पांढरी पडली होती. डॉक्टर म्हणाले, "हिला माणसाचं रक्त द्यावं लागेल, आणि ते आत्ता."

आकारामचं रक्त तिच्या रक्ताशी जुळेना. तिचा भाऊ अर्जुना बैलांना पाणी पाजून येतो म्हणून गेला, तो आलाच नाही. रक्त दिलं की माणूस जन्माचा निकामी होतो, असं त्या काळी सगळे समजत. उरला नाथाजी. त्याचं रक्त जुळलं.

डॉक्टरांनी विचारलं, "नाथाजी, ब्रह्मदेशात होता ना तुम्ही? हिवताप?"

"व्हता."

"आणि आता?"

नाथाजीनं आत बघितलं. बनुबाईचे ओठ निळे पडले होते. दाराशी अंबूबाई तान्ह्या नातीला घेऊन उभी होती.

"आता न्हाई. लय दिस झालं."

आदल्याच दिवशी तो माझ्यात मुटकुळं करून पडला होता. पण खरं सांगितलं आणि डॉक्टर नको म्हणाले, तर? मग बनुबाईला कोण होतं? तो बाकावर मला अंथरून आडवा झाला. त्याचं रक्त बाटलीत उतरलं, बाटलीतून बनुबाईत गेलं. एक थेंब माझ्या काठावर सांडला. तिच्या गालांवर रंग आला, तेव्हा आकाराम धाकट्या भावाच्या पाया पडायला वाकला. नाथाजीनं त्याला पाया पडू दिलं नाही. मान खाली घालून तो बाहेर गेला.

गावानं त्याला डोक्यावर घेतलं. आयाबाया त्याची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडायच्या. तो हसायचा, पण जेवताना बनुबाईकडे चोरून बघायचा. नुसतं तोंड बघायचा नाही, तिचे हात बघायचा, कापतात का म्हणून.

आणि एक दिवस ते कापले. भाकरी थापता थापता परात खडखडली. अंबूबाईनं मला तिच्या अंगावर टाकलं. मित्रांनो, मी ते हीव लगेच ओळखलं. आधी हुडहुडी, मग भट्टी, मग घाम, मग एक दिवस मोकळा. मी दोन वर्षं ज्याला कवटाळलं होतं तेच हे. नाथाजीनंही ओळखलं. पण "भावजयीचा जीव वाचवणारा" म्हणून जो मिरवतो, त्याच्या तोंडून ते कसं निघावं? त्याला अन्न गोड लागेना. बनुबाईचं दूध आटलं, मनुबाई शेळीच्या दुधावर आली.

मग अंबूबाईनं ठरवलं, हिला पण चुकवायला न्यायचं. उजाडायच्या आत ती ओल्या बाळंतिणीला माझ्यात गुंडाळून बांधाकडे चालवू लागली. दव पडलं होतं. बनुबाईला पाऊल टाकवत नव्हतं. नाथाजी आडवा आला.

"आये, नगं नेऊ. माझं बी हीव चुकलं नव्हतं. मी लपवत व्हतो."

"काय बोलतुयास रं?"

"वैनी, हे हीव माझं हाय. माझ्या रक्तातनं आलंया. ठावं असून मी डाक्तरला खोटं बोललो." आणि तो गडी बांधावर बसून लहान मुलासारखा रडला.

बनुबाईचे दात वाजत होते. ती एवढंच म्हणाली, "आवं भाऊजी, रडताय काय? तुमी खरं बोलला असता, तर मी आज थंडीनं कापायला तरी उरले असते का?"

त्याला तेवढाच आधार वाटला. पण दवाखान्यात बनुबाईचं रक्त तपासून डॉक्टरांनी तोही काढून घेतला. ते रागावले नाहीत, हेच वाईट. म्हणाले, "नाथाजी, खरं सांगितलं असतंत तरी मी तुमचंच रक्त घेतलं असतं. दुसरं होतं कुणाचं? फक्त त्याच दिवसापासून बनुबाईंना हिवतापावरचं कोयनेल सुरू केलं असतं. हे हीव त्यांना आलंच नसतं."

म्हणजे रक्तानं वाचवलं होतं, आणि खोट्यानं उगीचच छळलं होतं. नाथाजीच्या मनातून ते उभ्या जन्मात गेलं नाही.

कोयनेलनं बनुबाई बरी झाली. नाथाजीनं डॉक्टरांकडून गोळ्या घेतल्या, आणि पिवळा पडला तर पडला म्हणाला. पुढं दवाखान्यात रक्त लागलं की तो सगळ्यांच्या आधी जायचा आणि दारातूनच सांगायचा, "सायेब, मला हिवताप हाय. माझं नगं, पर हा अर्जुना आणलाय." अर्जुनाचं मनगट त्यानं घट्ट धरलेलं असे. मग तो बाकावर मला अंथरायचा. त्याला देता येत नव्हतं, अंथरता येत होतं.

मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, म्हणजे कसर पसरणार नाही. काठावर एक काळा डाग दिसेल, तो धुऊ नका. आणि कधी कुणी विचारलं, "बाळ, तुला काही होतंय का?" तर खरं ते सांगा. नाही विचारलं तरी सांगा. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मला सगळं ठाऊक होतं, पण मी पडले घोंगडी. तोंड नाथाजीला होतं.