वारुळावरची विहीर

“वारुळाचं तोंड बुजवू नये, रघू. आतल्याला श्वास लागतो.”

आईचा हा आवाज रघुजीच्या कानात अजून दुधासारखा ओला होता. आनेकल गावाजवळच्या त्यांच्या रानात वारूळ होतं. श्रावणात आई तिथं दुधाची वाटी रिती करायची आणि गुणगुणायची, ‘नागराया भाऊराया, माझ्या लेकराला छाया.’ आता आई नव्हती, रानही नव्हतं. तिथं शहराच्या कचऱ्याचा डोंगर होता, आणि डोंगराच्या पोटातला वायू जाळणाऱ्या प्लांटवर रघुजी ऑपरेटर होता.

आणि प्लांटच्या चिमणीवरची ज्योत पुन्हा विझली होती.

“परत?” प्लांटच्या मॅनेजर संयोगिता मॅडम आधीच सर्जापूर रोडच्या ट्रॅफिकवर चिडून आल्या होत्या. “अण्णा, उद्या ऑडिटर येतोय! मिथेन जळला तरच कार्बन क्रेडिटचे पैसे. नुसत्या चिमणीला नमस्कार केला म्हणून कोणी देत नाही!”

“सरी, ठीक आहे मॅडम, बघतो.”

“श्रावण लागल्यापासून बघताय! कुठल्या तरी विहिरीतून हवा आत जातेय. हवा मिसळली की यंत्र आपणहून ज्योत बंद करतं, हे मी तुम्हाला सांगायचं?”

विहीर म्हणजे वायू ओढायला कचऱ्यात खोल उतरवलेला पाइप, वर घट्ट टोपी. कोणती विहीर ते रघुजीला पक्कं ठाऊक होतं. वारुळाच्या जागेवरची. आज सकाळीच त्यानं तिच्यावरची हळद फडक्यानं पुसली होती, टोपी आवळली होती, पण तोवर हवा आत शिरली होती. कालही तेच. सकाळी बायको जमनाबाईवर खेकसूनही झालं होतं.

“अगं बाई, तो पाइप आहे, पाइप!”

“मग वारूळ कुठाय ते दाखवा, तिथं दूध घालते.”

“निदान टोपी तरी नीट लाव!”

“लावते की, स्वल्प सैल. तोंड बुजवू नये, तुमच्या आईनंच सांगितलंय.”



“हा मल्लाप्पा झोपा काढतो,” इकडे मॅडम आता वॉचमनकडे वळल्या. “भंगारवाले येऊन टोप्या सोडवतात. बस्स झालं. आजपासून तू येऊ नकोस.”

“झोपलो नाही, मॅडम.” मल्लाप्पानं एवढंच म्हटलं आणि रघुजीकडे पाहिलं. जमनाक्का रोज डोंगर चढताना त्याला दिसायची. उरल्या दुधाचा चहा ती त्यालाच करून द्यायची. तिचं नाव न घेता तो काठी भिंतीला टेकवून पिशवी आवरू लागला.

रघुजी पुढं झाला.

“त्याला काढू नका. टोपी माझी बायको उघडते. वारुळाला दूध घालायला.”

मॅडमनी कपाळावर हात मारला. “अण्णा! पान्याशिवाय ती टोपी हलत नाही. तिला पाना कोण देतं?”

रघुजीनं विझलेल्या चिमणीकडे पाहिलं.

“मी देतो. रोज तिच्याशी भांडतो, आणि रोज देतो.”