सौंसरपाशी उसवलेला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, चुकीचा आहे. माझ्या भरवशावर कुठे निघू नका. माझ्या माथ्यावर 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असं ठसठशीत छापलेलं आहे आणि त्या नावाचा प्रांत आता शोधूनही सापडत नाही. माझ्यावर नागपूर ही राजधानी आहे. मुंबई माझ्यावर नाहीच. ही गोष्ट नागपुरातल्या पुष्कळ मंडळींना मनापासून आवडते; पण त्याचं श्रेय मला घेता येत नाही. माझा कागदच तिथवर पोचत नव्हता.

मला छापल्यावर जाड कापडावर चिकटवलं, वरून रोगण दिलं, वरखाली लाकडी दांडे ठोकले आणि एका सरकारी कचेरीत टांगलं. साहेब लोक माझ्यावर छडी टेकवून दुष्काळ कुठे पडला ते दाखवायचे. मी तेव्हाही हिरवागार दिसत होतो. पुढे राज्यं नव्याने आखली गेली, राजधानी नागपुरातून गेली आणि मी भिंतीवरून उतरलो. मोडक्या खुर्च्यांबरोबर माझा लिलाव झाला. एकाला माझे दांडे हवे होते, चुलीसाठी. तेवढ्यात धंतोलीतल्या एका दवाखान्याचा कंपाउंडर देवराव तिथे आला. तो दवाखान्यासाठी बाकडं घ्यायला आला होता. त्याने मला उलगडून पाहिलं आणि बाकड्याबरोबर मलाही घेतलं; बाकडं दवाखान्यात गेलं, मी त्याच्या घरी.

घरात त्याची बायको कौसल्या होती आणि खाटेवर त्यांची मुलगी पुष्पलता. लहानपणी ताप आला, ताप गेला, जाताना उजव्या पायातलं बळ घेऊन गेला. शाळा लांब होती, रोज उचलून नेणार कोण? म्हणून शाळाच घरात आली. सकाळी कौसल्या शिकवायची, संध्याकाळी देवराव.

शिकवायला काय घ्यावं, याचा त्या घरात फार विचार व्हायचा. देवरावाने एक रंगीत अंकलिपी आणली. कौसल्येने पहिलं पान पाहिलं आणि विचारलं,

"हे काय हाय?"

"अननस."

"तुम्ही खाल्लं काय कधी?"

देवरावाने खाल्लं नव्हतं. अंकलिपी बाजूला पडली. मग पुष्पी अक्षरं शिकली ती औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून. 'दिवसातून तीन वेळा', 'हलवून घ्यावे' आणि 'विष' हे तिने पहिल्यांदा वाचलेले शब्द. बेरीज-वजाबाकी ती आईच्या शिवणकामाच्या बटनांवर शिकली. आणि भूगोलासाठी मी होतो. तिच्या खाटेसमोर मी टांगलेला असे. पाय हलत नसलेल्या त्या पोरीचं बोट माझ्या अंगावरून कन्हान नदीच्या काठाकाठाने वर सातपुड्यापर्यंत जायचं आणि परत कामठीला उतरायचं. कचेरीतल्या इतक्या छड्या सोसल्या, पण मला कोणीतरी वाचतंय असं पहिल्यांदा त्या बोटाखाली वाटलं.

एकदा शेजारचे मधुसूदन मास्तर आले. त्यांनी सहज विचारलं, "पुष्पे, आपल्या राज्याची राजधानी कोणती?"

"नागपूर," ती म्हणाली.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. ते सुखावले होते की घाबरले होते, हे चेहऱ्यावरून कळेना. मग देवरावाला म्हणाले, "देवराव, उत्तर लाख मोलाचं हाय, पण पेपरात याले शून्य भेटते. हा नकाशा काढून टाका गा."

त्या रात्री जेवण कोणालाच गोड लागलं नाही. नवा नकाशा आणायचा तर पुष्पी ऐकेना. तिच्या सगळ्या नद्या माझ्यावर होत्या. शेवटी कौसल्येने मास्तरांचं भूगोलाचं पुस्तक मागून आणलं, त्यातली नवी हद्द खडूने माझ्यावर उतरवली, ब्लाउजांचा उरलेला लाल दोरा सुईत ओवला आणि मला मांडीवर घेतलं. मित्रांनो, सुई टोचते. पण चूक दुरुस्त होताना जे टोचतं, त्याची तक्रार कुठे करायची?

टाके भंडाऱ्याकडून नीट येत होते. नागपूरच्या वर, सौंसर गावापाशी, सुई थांबली. खडूची रेघ सौंसरच्या खालून जात होती. सौंसर मध्य प्रदेशात गेलं होतं. कौसल्येने थोडा वेळ रेघेकडे पाहिलं आणि सौंसरला वरून वळसा घालून त्याला महाराष्ट्रात घेतलं.

देवराव बघत होता. "वं, सौंसर तिकडं हाय."

"माझ्या बापाचं घर हाय थे."

"पण सरकारनं..."

"सरकार कधी माझ्या माहेरी आलं नाही," कौसल्या म्हणाली आणि दात लावून दोरा तोडला.

एवढा मुलूख एवढ्या कमी वेळात कोणीही जिंकला नसेल. देवरावाला जेवायचं घरीच होतं. पुष्पी तर झोपली होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. सकाळी तिने लाल दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि हद्द पाठ केली.

पुष्पी दहा वर्षांची झाली तेव्हा तिला कुबडी मिळाली आणि घराजवळ मुलींची एक शाळा निघाली. शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे इंदूबाई. त्या म्हणाल्या, परीक्षा घेईन. जमलं तर पाचवीत, नाही तर पहिलीपासून. पुष्पीने घरी सांगून टाकलं, "पहिलीच्या पोट्ट्यांमध्ये बसवलं, तं मी जाणार नाही." ती जे म्हणायची ते करायची. म्हणजे त्या दिवशी शाळेचं दार उघडणार होतं, नाही तर कायमचं लागणार होतं.

काय काय शिकवलं ते दाखवायला देवरावाने मलाही गुंडाळून काखेत घेतलं आणि कौसल्याही बरोबर निघाली. वाचन झालं. गणित झालं. मग इंदूबाईंनी खडू दिला. "मध्ये नागपूर ठेव. नद्या काढ. आणि आपल्या राज्याची उत्तरेची हद्द काढ."

कुबडी बगलेत दाबून पुष्पी फळ्यापाशी उभी राहिली. कन्हान काढली, तिला मिळणारी पेंच काढली, हात कुठे अडला नाही. मग हद्द काढली. नागपूरच्या वर एक छानसा फुगवटा काढून तिने सौंसर आत घेतलं आणि वळून हसली.

इंदूबाई हसल्या नाहीत. "हे कोणी शिकवलं?"

पुष्पीने माझ्याकडे बोट दाखवलं. मला टेबलावर उलगडण्यात आलं. इंदूबाईंनी लाल टाक्यांवरून नजर फिरवली. "घरी शिकवलं की हे असं होतं. आईबापांना जे बरं वाटतं, तेच मुलांच्या डोक्यात जातं."

देवराव छताकडे पाहू लागला. कौसल्या पुढे झाली. "पोरीची चूक नाही, बाई. तिनं जसं पाह्यलं तसं काढलं. टाके माझे हाय. थे माझं माहेर हाय."

"मग तिला तुम्हीच सांगा," इंदूबाई म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती माझं पाठ करील आणि तुमचं खरं मानील."

कौसल्येने कात्री मागितली. सौंसरच्या वरचे टाके तिने एकेक करून उसवले. ज्या हाताने घातले होते त्याच हाताने, पण आता तो हात फार सावकाश चालत होता. पुष्पी टेबलाला रेलून पाहत होती.

"आई, आपण आजोबाकडे जातो, थे दुसऱ्या राज्यात जातो काय?"

"हो."

"मले काहून नाही सांगितलं?"

"मलेच पटलं नव्हतं, वं."

"आता पटलं?"

कौसल्येने उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला. "नाही," ती म्हणाली. "पण रेघ तिथूनच जाते."

पुष्पीने सुई मागितली. आईच्या पदराला एक टोचलेली असायचीच. तिने तोच दोरा ओवला आणि सौंसरच्या खालून, वेडेवाकडे पण बरोबर जागी, टाके घातले. सौंसर बाहेर राहिलं. मग फळ्यावरचा फुगवटा तळहाताने पुसून तिने तिथे सरळ रेघ ओढली. इंदूबाईंनी रजिस्टर पुढे ओढलं आणि तिच्या नावापुढे 'पाचवी' असं लिहिलं. देवरावाने छतावरून नजर खाली आणली.

मला मात्र इंदूबाईंनी परत नेऊ दिलं नाही. मी पुष्कळ वर्षं पाचवीच्या वर्गात टांगलेला होतो. पुढे चकचकीत नवे नकाशे आले, आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. आता उंदरांनी बस्तरचा बराच भाग खाल्ला आहे. अधूनमधून एखादी मुलगी लपाछपी खेळताना आत येते, मला उलगडते आणि सौंसरच्या वरच्या भोकांत बोट घालून बघते. दोरा निघाला तरी सुईची भोकं बुजत नाहीत.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. जुनी पुस्तकं, जुने नकाशे चुकीचे निघाले म्हणून रद्दीत घालू नका. उद्या तुम्हीही कोणाला तरी शिकवाल, आणि शिकवताना आपल्या मायेचा एखादा टाका भलत्या जागी घालाल. घातला तर हरकत नाही. फक्त तो उसवायची वेळ आली, की मुलांना बाहेर पाठवू नका. त्यांच्या देखत उसवा.